अष्टमीचा चंद्र

अकोल्याच्या धान्यबाजारात चाळीस वर्षे आडतीची गादी सांभाळलेल्या एका गृहस्थांनी बासष्टाव्या वर्षी ती गादी मुलाच्या हाती सोपवली. दिवसा ते सवयीने दुकानात जाऊन बसत. पण भाव ठरवणे, माल तोलून घेणे, उधारी द्यायची की नाही हे आता मुलगा पाही. संध्याकाळ मात्र एकाएकी मोठी झाली. घरात सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा परिपाठ. त्यानंतर सामायिक, आणि मग झोपेपर्यंतचे दोन तास मोकळे. पूर्वी हे दोन तास रोजमेळ जुळवण्यात जात. आता जुळवायला काही उरले नव्हते.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चंद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरला, तेव्हा सारे घर दूरदर्शन संचासमोर बसले होते. त्यानंतर नात आजोबांना हाताला धरून गच्चीवर घेऊन गेली. चंद्र त्या दिवशी जवळजवळ अर्धा होता. लँडरचे नाव ज्यांच्यावरून ठेवले ते विक्रम साराभाई अहमदाबादच्या एका जैन उद्योजक घराण्यात जन्मले, हे आजोबांना माहीत होते. साराभाईंच्या निधनानंतर चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले, ही माहिती मात्र नातीने पुरवली. “आजोबा, ते विवर आपल्याला दिसेल का?” या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. मुलाच्या लग्नात घेतलेला डिजिटल कॅमेरा आणि त्याची ३०० मिलिमीटरची लांब भिंग कपाटात पडून होती. ती दुसऱ्या दिवशी बाहेर निघाली.

पहिला प्रयत्न अर्थातच पौर्णिमेचा. पूर्ण चंद्र म्हणजे पूर्ण चित्र, असा त्यांचा सरळ हिशेब. कॅमेरा स्वयंचलित ठेवून त्यांनी वीस-पंचवीस छायाचित्रे काढली. प्रत्येकात काळ्या आभाळावर एक पांढरा, डागविरहित गोळा. जणू विजेचा दिवाच. डोळ्यांना दिसणारे डागही त्यात नव्हते.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता. स्वयंचलित कॅमेरा चौकटीतील सगळ्या उजेडाची सरासरी काढतो. चौकटीचा बहुतेक भाग काळा, म्हणून त्याला वाटते की येथे अंधार फार आहे. मग तो झडप अधिक वेळ उघडी ठेवतो आणि चंद्र जळून पांढरा होतो. रात्रीचे चित्र काढतो आहोत ही समजूतच मुळात चुकीची. चंद्रावर त्या वेळी भर दुपारचे ऊन पडलेले असते. उन्हात ठेवलेल्या दगडाचे चित्र जसे काढावे तसेच चंद्राचे काढावे लागते. बाजारातील एका जुन्या छायाचित्रकाराने त्यांना आकडे लिहून दिले : आयएसओ १००, छिद्र एफ ८, आणि झडपेचा वेग पौर्णिमेला सेकंदाचा सुमारे दोनशेवा भाग. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवायचा, चंद्राच्या कडेवर हाताने नीट रोखायचा, आणि बोटाच्या धक्क्याने तो हलू नये म्हणून दोन सेकंदांच्या टायमरवर चित्र घ्यायचे. चंद्र सुमारे दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, तेव्हा चौकट पुनःपुन्हा जुळवायची.

उजेड कमी केला आणि चंद्रावरचे डाग उमटले. तरीही ते चित्र सपाट होते; ताटात वाढलेल्या भाकरीसारखे. “पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या थेट समोर असतो,” छायाचित्रकार म्हणाला. “सावल्याच पडत नाहीत, तर खोली कशी दिसणार? शेठजी, अष्टमीला काढा.”

अष्टमी त्यांना मुद्दाम लक्षात ठेवावी लागली नाही. अष्टमी-चतुर्दशीला घरात हिरवी भाजी नसते. स्वयंपाकघरच आठवण देते. शिवाय शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास आभाळात उंच आलेला असतो आणि मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची वेळ कोणती? अडचण एकच आली. अकोल्याच्या उन्हाने दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडतो, वरची हवा थरथरते आणि त्या हवेतून चंद्राची कड वितळल्यासारखी दिसते. स्लॅब निवेपर्यंत तासभर थांबावे लागे. त्यांनी ते थांबणेही शिकून घेतले. अर्ध्या चंद्राचा प्रकाश पूर्ण चंद्राच्या निम्मा नसून जेमतेम दहावा हिस्सा असतो. म्हणून वेग साठाव्या भागावर आणला.

त्या रात्री पडद्यावर जे उमटले ते पाहून ते बराच वेळ उभेच राहिले. जेथे उजेड संपून अंधार सुरू होतो त्या सीमेवर विवरेच विवरे होती. एका बाजूची भिंत उजळलेली, दुसरी काळीभोर. पर्वतरांगांच्या सावल्या लांबवर पसरलेल्या. चंद्र प्रथमच गोल आणि जड दिसला. मंदिरात आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या आसनावरील चंद्राचे लांछन कोरीच्या रूपात असते, हे त्यांनी जन्मभर पाहिले होते. त्या कोरीच्या आतल्या कडेवर एवढे काही असेल हे मात्र कधी मनात आले नव्हते.

साराभाई विवर प्रसन्नतेच्या सागरात आहे. हे चंद्रावरचे सागर म्हणजे पाणी नव्हे. कधीकाळी वाहून थिजलेल्या लाव्ह्याची, काळ्या बेसाल्ट खडकाची मैदाने. ज्या कपाशीच्या काळ्या जमिनीवर वऱ्हाडच्या व्यापाराच्या कित्येक पिढ्या जगल्या, ती जमीनही बेसाल्ट झिजूनच झाली आहे. विवर सुमारे ८ किलोमीटर रुंद आणि सुमारे पावणेदोन किलोमीटर खोल. आडत्याने कागद घेतला. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर. त्यांच्या चित्रात तो सुमारे ७०० ठिपक्यांत मावे. म्हणजे एका ठिपक्यात पाच किलोमीटर, आणि साराभाई विवर जेमतेम दीड ठिपक्याचे. नातीला त्यांनी खरे ते सांगितले : “बेटा, ते आपल्या चित्रात आहे, पण या कॅमेऱ्यातून ओळखता येणार नाही.”

मग सहज त्यांनी बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचा हिशेब मांडला. लोणारचे सरोवरही बेसाल्टमध्येच उल्कापाताने पडलेले विवर. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. चंद्रावर असते तर एका ठिपक्याचा अर्धा हिस्साही भरला नसता. आणि लहानपणी, वडिलांबरोबर लोणारला गेले असताना, त्या काठावरून खाली उतरताना ते घाबरले होते, तेव्हा त्यांचा हात मोठ्या भावांनी धरला होता.

मोठे भाऊ अमरावतीला असतात. अकोल्याहून जेमतेम शंभर किलोमीटर. बारा वर्षांपूर्वी उधारीत बुडालेल्या एका मोठ्या रकमेवरून दोघांची वाटणी झाली. चूक कोणाची, यावर दोघांचे दोन हिशेब होते आणि दोघांनाही आपला हिशेब पूर्ण वाटत होता. त्यानंतर भेट झाली ती लग्नकार्यात. दरवर्षी पर्युषणानंतर क्षमेचा छापील संदेश इकडून तिकडे जाई आणि तिकडून इकडे येई.

त्या रात्री त्यांनी अष्टमीचे चित्र भावांना व्हॉट्सॲपवर पाठवले. खाली एवढेच लिहिले : “भाऊ, लोणार आठवले.” उत्तर आले नाही. पुढच्या अष्टमीला त्यांनी पुन्हा एक चित्र पाठवले. तिसऱ्या अष्टमीला आभाळ भरले होते, म्हणून काही पाठवता आले नाही, आणि रात्री साडेनऊला अमरावतीहून विचारणा झाली : “आज चंद्र नाही का?”

तेव्हापासून दर अष्टमीला चित्र जाते आणि उत्तर येते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भावांना सावल्या अधिक स्पष्ट दिसू लागल्या आहेत. कोणते विवर कोणते, हे ते नातवाकडून विचारून घेतात आणि कधी कधी धाकट्याची चूकही काढतात. वाटणीचा विषय अद्याप कोणीही काढलेला नाही.

गेल्या महिन्यात अमरावतीहून दोन ओळी आल्या : “पुढच्या अष्टमीला कॅमेरा आणि ते तिकाटणे घेऊन इकडेच ये. आमच्या गच्चीवरून आभाळ मोकळे दिसते. जेवण सूर्यास्तापूर्वी होईल, तेव्हा उशीर करू नकोस.”

गृहस्थांनी दुपारच्या गाडीचे तिकीट काढून ठेवले आहे.