चोक ओढला की चालते

मोटारसायकल चोक ओढून चालू होते आणि चोक सोडला की बंद पडते, एवढ्या एका लक्षणावरून बरंच काही कळतं. चोक ओढणं म्हणजे हवेचा दरवाजा लोटून घेणं. हवा कमी झाली की तिच्या मानाने पेट्रोल जास्त जातं. तेवढ्यापुरती गाडी चालते, याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय. ठिणगी पडतेय, इंजिनात जीव आहे, फक्त कुठंतरी एका बारीक भोकात कचरा अडकलाय.

धर्माबादला अण्णांची (म्हणजे आमच्या वडिलांची) गाडी अशीच झाली होती. २००२ सालची, शंभर सीसीची, एमएच-२६ पासिंग. २०२५ च्या उन्हाळ्यात अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पावसाळा लागला, सप्टेंबरात तर मराठवाड्यात अतिवृष्टीच झाली. पाच महिने गाडी ओसरीत जुनं धोतर पांघरून उभी. दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा चोक ओढून, पंधरा-वीस किका मारून ती चालू व्हायची. चोक सोडला की दोन आचके आणि शांत.

बाजारात मिरचीच्या आडतींकडे जाताना एक जुने मिस्त्री चाचा बसतात, त्यांना विचारलं. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "कचरा है भाई. कारबेटर खोलो, पैले टंकी देखो." आता त्यांच्या दुकानातली पोरं कार्बोरेटर साफ करत बसत नाहीत, अख्खा नवीन बसवतात. पोरांचं तरी काय चुकलं? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि छोटा कॉम्प्युटर. अण्णांच्या गाडीला हे काहीच नाही. तिच्यात सगळं काम हवेच्या ओढीवर चालतं.

ज्यांनी लहानपणी डासांसाठी फ्लिटचा पंप मारलाय त्यांना कार्बोरेटर वेगळा समजवायला नको. नळीच्या तोंडावरून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, खालचं औषध आपोआप वर चढतं आणि फवारा होऊन उडतं. कार्बोरेटरमध्ये फुंकर मारणारा माणूस नसतो, इंजिनच हवा आत ओढतं. हंगेरीतल्या दोनात बांकी आणि यानोश चोंका या दोघांनी १८९३ साली अशा फवारणाऱ्या कार्बोरेटरचं पेटंट घेतलं. पुढे कित्येक दशकं जगातल्या बहुतेक पेट्रोल गाड्या याच युक्तीवर चालल्या. खाली एक वाटी असते, तिच्यात एक तरंगणारा फ्लोट. पेट्रोल भरलं की फ्लोट वर येऊन पिन दाबतो आणि येणारं पेट्रोल बंद होतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखंच की. वाटीतून पेट्रोल वर जायला पितळेचे दोन जेट. मोठा जेट वेगासाठी आणि छोटा स्लोसाठी, म्हणजे गाडी जागेवर उभी असताना. छोट्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असतं. एका वजनी भाग पेट्रोलला हवा लागते साधारण पंधरा भाग, आणि हा सगळा हिशेब त्या भोकाच्या मापावर असतो.

गाडी उभी राहिली की वाटीतलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट, पिवळसर राळ उरते. सगळ्यात आधी बुजतो तो छोटा जेट. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल. आपल्याकडे २००३ मध्ये काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ मध्ये ते १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० वर. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. ओल जास्त झाली तर पाणी आणि इथेनॉल खाली वेगळं बसतं, टाकी आतून गंजते, जुन्या गाड्यांची काही रबरंही फुगतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे भाग हे पेट्रोल सोसतील असे केलेत, २००२ च्या गाडीला कोण विचारतो! पण सगळं खापर इथेनॉलवर फोडणंही बरोबर नाही. साधं पेट्रोलही पाच महिने वाटीत पडून राहिलं तर हेच करतं. अण्णांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "आपल्याच उसाचं, मक्याचं आहे की ते. शेतकऱ्याला दोन पैसे मिळत असतील तर मिळू दे. तू जेट बघ."

तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पोतं अंथरून बसलो. अंगणातच, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते. घरात गॅस, देवघरात समई. ही कामं आडोशाला करू नयेत. डोळ्याला चष्मा हवा, तो मला आहेच.

"काय करायलास रे?" अण्णा खुर्ची घेऊन आले.

"कारबेटर खोलायलो."

"आधी कॉक बंद कर. अन् दहाचा पाना घे, पकडीनं नटाच्या कडा मारशील."

कॉक बंद केला, नळी काढली, वाटीखालचा स्क्रू ढिला करून उरलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. थोडा वेळ बाटली तशीच ठेवली तर तळाशी पाण्याचे दोन-तीन थेंब वेगळे दिसले, आणि तांबूस गाळ. चाचांनी आधी टाकी बघायला का सांगितलं ते कळलं. टाकी घाण ठेवून जेट साफ करण्यात अर्थ नाही, आठ दिवसांत पुन्हा तेच. टाकी रिकामी करून दोनदा खळखळून धुतली आणि कॉकची जाळी साफ केली.

मग वाटी उघडली. एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून वळसे मोजले आणि कागदावर लिहून ठेवले. बसवताना तेवढेच वळसे बाहेर. रबराच्या रिंगा बाजूला काढल्या, नाहीतर साफ करायचा स्प्रे त्यांना फुगवतो. दोन्ही जेट काढून उजेडाकडे धरले. मोठ्यातून उजेड दिसला, छोट्यातून काहीच नाही. रात्र.

इथं हात शिवशिवतो सुई घालायला. घालायची नाही. पितळ मऊ असतं, सुईने भोक केसभर मोठं झालं तरी पंधराचा हिशेब गेला आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पीत बसते. छोटा जेट अर्धा तास स्प्रेमध्ये भिजवला, विजेच्या जुन्या वायरमधली तांब्याची एक तार, सगळ्यात बारीक, हलकेच फिरवली आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. तिसऱ्या वेळी उजेडाचा एक ठिपका दिसला. टाचणीच्या टोकाएवढाही नाही, पण गोल आणि स्वच्छ. मी तो अण्णांना दिला. त्यांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्याला लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दिसतंय."

सगळं परत बसवलं. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. चोक न ओढता.

आई दारात आली, "झाली का चालू?" म्हणाली आणि आत गेली. त्या प्रश्नात आनंद नव्हता. संध्याकाळी पुण्याहून धाकट्याचा फोन. "कशाला नीट केलीस? बंद होती तेच बरं होतं. आपोआप सुटली असती त्यांची सवय."

त्याचं म्हणणं अगदीच वावगं नाही. अण्णा चौऱ्याहत्तरचे आहेत. ऑपरेशनच्या आधीच्या हिवाळ्यात रेल्वे फाटकाजवळ वाळूवर गाडी घसरून गुडघा फुटला होता. ते बासरच्या रस्त्याला लागले की परत येईपर्यंत आई ओसरी सोडत नाही. हे सगळं मला दिसतं. पण अण्णांनी गाडी चालवायची की नाही, हे जेटमधल्या कचऱ्याने ठरवावं हे मला पटत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं वर्गात पोरांना तोंडावर खरं सांगितलं, त्याला त्याच्या पोरांनीही तोंडावर सांगावं. गाडी बंद ठेवून, "पार्ट मिळत नाही" म्हणून नव्हे.

रात्री जेवणं झाल्यावर अण्णांना सरळच विचारलं, की आता गाडी चालू आहे, तुमचं काय म्हणणं आहे?

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चाचा दोनदा म्हणले, घरी येऊन करून देतो. मीच नको म्हणलो."

"का?"

"गाडी बंद आहे म्हणायला सोपं जातंय. मला भीती वाटतीय म्हणायला नाही."

म्हणजे त्या एका भोकाच्या आड अण्णाही होते आणि धाकटाही. दोघं एकमेकांना न सांगता.

मग बोलणं झालं, खरंखुरं. आईही येऊन बसली. पंचावन्नच्या पुढे परवाना पाच-पाच वर्षांचाच मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना १-अ, लागतं. अण्णांच्या परवान्याची मुदत संपत आलेली. अण्णाच म्हणाले, आधी डोळ्याच्या डॉक्टरला विचारू, ते हो म्हणाले तर दिवसा, गावात, बाजारापर्यंत. हायवे नाही, अंधार नाही. नाही म्हणाले तर गाडी भाच्याला. आई म्हणाली, "असं आधी बोलला असतात तर!" यावर अण्णा काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र त्यांनी मागून घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे बाभळी बंधाऱ्याची दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावी लागतात. दारं खाली यायच्या सुमाराला गोदावरी बघून यायचं, हा अण्णांचा दरवर्षीचा नेम. या वेळी गाडी मी चालवली, ते मागे बसले. इतक्या वर्षांत ते माझ्या मागे पहिल्यांदाच बसले असतील. रस्ताभर सूचना चालूच होत्या. बंधाऱ्यावर गाडी उभी केली तर म्हणाले, "स्लो जरा जास्त ठेवलायस. अर्धा वळसा कमी कर." केला. इंजिन एकदम हळू आणि एकसारखं वाजायला लागलं.

असो. जुनी गाडी असलेल्यांसाठी एवढंच, की पंधरा दिवसांहून जास्त उभी ठेवणार असाल तर कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी राहते, जेट बुजत नाही. अण्णा आता दर रविवारी ओसरीतल्या ओसरीत तेच करतात. डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

आणि घरच्या ज्या मंडळींना हे वाचून मला फोन करावासा वाटेल, त्यांनी तो अण्णांना करावा. ते बोलायला तयार आहेत.