गाडी पाहून अंथरूण

सिम्प्सन वाळवंट पार करायचं ठरलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त वादावादी झाली ती कोणी कुठे आणि कशावर झोपायचं यावरून. पाणी, डिझेल, सॅटेलाइट फोन यांचे निर्णय एका संध्याकाळी झाले. अंथरुणाचा निर्णय महिनाभर लोंबकळत राहिला.

आम्ही ॲडलेडला राहतो. त्या हिवाळ्यात बाबा सांगलीहून आले होते. पाटबंधारे खात्यात नोकरी, सर्व्हेच्या निमित्तानं तरुणपण बरंचसं राहुट्यांत गेलेलं. समुद्रकिनारे दाखवून झाले तसे ते म्हणाले, "हे सगळं कडेकडेनं झालं. आत काय आहे ते दाखवा." आत आहे ते सिम्प्सन. दक्षिण ऑस्ट्रेलिया, क्वीन्सलँड आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात तिथे पसरलेलं, एकमेकींना समांतर धावणाऱ्या वाळूच्या टेकड्यांचं वाळवंट. पश्चिमेच्या माउंट डेअरपासून पूर्वेच्या बर्ड्सव्हिलपर्यंत साधारण 500 किलोमीटर. वाटेत अकराशेच्या वर टेकड्या, आणि पंप, दुकान, घर यांतलं काहीही नाही.

सांगलीच्या नातेवाइकांना काळजी होती ती उकाड्याची. पण उन्हाळ्यात तिथे जाताच येत नाही. जीवघेण्या उष्म्यामुळे 1 डिसेंबर ते 15 मार्च वाळवंटातली उद्यानं बंद असतात. लोक जातात ते मे ते सप्टेंबर. तेव्हा दिवसा हवा सुखाची असते आणि रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. म्हणजे सोय करायची होती ती थंडीची.

नवऱ्याचं मन रूफटॉप तंबूवर बसलं होतं. गाडीच्या छतावरच घडी करून ठेवलेला तंबू. मुक्कामाला पोचलं की उघडायचा, शिडी लावायची, आत गादी तयार. जमिनीवरचे विंचू-साप नाहीत, डिंगो म्हणजे रानकुत्रे नाहीत, वाळू नाही. दुकानात आमची लेक त्यात चढून बसली ती उतरेना. मी मात्र गाडीची पुस्तिका उघडली.

प्रत्येक गाडीला एकूण वजनाची मर्यादा असते: गाडी, माणसं, इंधन, सामान सगळं धरून. आमच्या गाडीची 2990 किलो. टाकी भरलेली आणि पुढचा बुलबार धरून रिकामी गाडी 2450 भरली. राहिले 540. आम्ही चौघं मिळून 245. पिण्याचं पाणी 90 लिटर, म्हणजे 90 किलो. जादा डिझेल 40 लिटर, म्हणजे 33 किलो. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं. फ्रीज, शिधा आणि शेगडी 65. हत्यारं, हवेचा पंप, रुतलेली गाडी काढायच्या पट्ट्या आणि फळ्या 40. उरले 67 किलो. त्यात अंथरुणं, पांघरुणं आणि कपडे. नवऱ्यानं निवडलेला तंबू एकटाच 72 किलोचा होता.

शिवाय ते वजन छतावर. उभ्या गाडीचं छत आत झोपलेल्या माणसांसकट तंबू सहज पेलतं. चालत्या गाडीची मर्यादा त्याहून खूप कमी असते, आमच्या गाडीची 80 किलो. तंबूखालच्या लोखंडी रॅकचं वजनही त्यातच आलं. आणि टेकडीच्या माथ्यावर गाडी तिरकी झाली की वरचं वजन तिला आणखी कलंडवू बघतं. हे सगळं नवऱ्याला पटत होतं, पण निकाल लागला तो बाबांच्या एका प्रश्नानं: "रात्री मला दोनदा उठावं लागतं. तेव्हा ही शिडी कोण धरणार?"

तिथून विचाराची दिशाच बदलली. तोवर आम्ही वस्तूंची तुलना करत होतो. आता माणसांची यादी केली. सत्तरीचे, गुडघे धरलेले, पण राहुटीला सरावलेले बाबा. बारा वर्षांची, कुठेही झोपणारी लेक. पाठीचं दुखणं असलेला नवरा. आणि थंडी अजिबात न सोसणारी मी. गाडीतच झोपायची सोय दोघांपुरती होती, म्हणून ती बाद. मागे ट्रेलर ओढायचा विचारही सोडला. टेकड्यांवर ट्रेलर रुततात, वाट उखडतात, आणि ते आणू नयेत असा उद्यानांचाच सल्ला असतो.

आमच्यासोबत दुसऱ्या गाडीतून येणारा माझा ऑफिसातला सहकारी क्वीन्सलँडच्या गुरांच्या फार्मवर वाढलेला. त्यानं स्वॅग सुचवला. जाड कॅनव्हासची वळकटी, आत फोमची गादी. उलगडली की अंथरूण, गुंडाळली की सामान. ऑस्ट्रेलियात गुरांमागे फिरणारी माणसं पिढ्यानपिढ्या अशीच झोपत आली आहेत. आता त्याला डोक्याशी आणि पायाशी कमानी, मच्छरदाणी, चेन वगैरे असते. त्यानं एक गोष्ट बजावली: नवा कॅनव्हास आधी अंगणात पाण्यानं चिंब भिजवा, पूर्ण वाळवा, पुन्हा भिजवा. सुती धागा पाण्यानं फुगतो आणि शिवणीची भोकं बुजतात. तसं न करता पहिल्या पावसात नेलेला स्वॅग गळतो आणि माणूस दुकानदाराशी भांडत बसतो.

यादी अशी ठरली. आम्हा दोघांना डबल स्वॅग, 18 किलो. बाबा आणि लेकीला खुंट्यांशिवाय उभा राहणारा, दोन दारांचा तंबू, 9 किलो. बाबांना घडीची खाट, 7 किलो. खाटेवरून उठताना गुडघ्यावर जोर द्यावा लागत नाही. स्लीपिंग बॅगा आणि खालच्या मॅट मिळून 12. बेरीज 46. कपड्यांना उरले 21 किलो, आणि लेकीनं भरलेल्या पुस्तकांवर पुन्हा एकदा चर्चा झाली.

सरावाला उत्तर फ्लिंडर्स डोंगरातल्या आर्कारूलाला गेलो. जागा मुद्दाम निवडली होती. 1962 साली सिम्प्सन पहिल्यांदा मोटारीनं पार केलं ते भूवैज्ञानिक रेग स्प्रिग यांनी, पत्नी ग्रिझेल्डा आणि दोन लहान मुलांसह, निसान पॅट्रोल गाडीतून. पुढे याच कुटुंबानं आर्कारूला विकत घेऊन तिथे अभयारण्य उभं केलं. आमची चढाओढ त्यांच्याशी नव्हती, पण सहकुटुंब जाणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी हे बाबांना आवडलं.

पहाटे बाबा खाटेवर उठून बसलेले. शून्याखालच्या थंडीची म्हणून घेतलेली स्लीपिंग बॅग, तरी कुडकुडत होते. "वरून ऊब आहे गं," ते म्हणाले, "खालून वारा लागतोय." मग त्यांनी राहुटीच्या दिवसांतली युक्ती सांगितली: सतरंजीखाली आधी हातभर पेंढा, मग घोंगडी, पांघरायला एक कमी असली तरी चालेल. त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्या पिसांत अडकलेल्या हवेत असते. अंगाखाली पिसं चेपली की ती हवा जाते, आणि खाटेखालून गार वारा मोकळा फिरतो. जाड हवेची गादी घालूनही भागत नाही, कारण तिच्या पोटातली हवा ढवळत राहते आणि ऊब जमिनीला देऊन टाकते. उपाय म्हणजे आत फोम किंवा ऊब अडवणारे थर असलेली मॅट. तिच्यावर ‘आर-व्हॅल्यू’ छापलेली असते. आकडा जितका मोठा तितकी थंडी अडते. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची बेरीज होते. दुसऱ्या रात्री बाबांच्या खाटेवर दोन मॅट घातल्या आणि त्यांना उन्हं येईपर्यंत जाग आली नाही.

स्लीपिंग बॅगेचे आकडेही तिथेच नीट वाचले. चांगल्या बॅगेवर दोन तापमानं असतात: ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. दुसरं म्हणजे अंगाचं मुटकुळं करून कशीबशी झोप लागेल ते तापमान. दुकानाच्या पाटीवर बहुधा तेच मोठ्या अक्षरांत असतं. माझ्यासारखीनं पहिलाच आकडा धरावा आणि त्यातही पाच अंश हाताशी ठेवावेत.

प्रत्यक्ष वाळवंटात अंथरुणाइतकंच महत्त्व जागेला आलं. डॅलहौसीच्या झऱ्यांचं पाणी 34 ते 38 अंश असतं. थंडीत त्यात डुंबणं स्वर्गीय, पण दिवेलागणीला डास उठतात आणि डिंगो बाहेर ठेवलेले बूट पळवतात. तिथे बूट गाडीत आणि माणसं जाळीच्या आत. पुढे फ्रेंच लाइन नावाच्या वाटेवर दोन टेकड्यांमधल्या सपाट पट्ट्यात वारा लागत नाही म्हणून सगळे तिथेच उतरतात. पण रात्री गार हवा वाहत जाऊन तळालाच साठते. आम्ही उतारावर थोडं वर सरकलो की पहाटेचा फरक अंगाला कळायचा. लांब खुंट्याही वाळूत टिकत नाहीत, म्हणून पिशव्यांत वाळू भरून, दोर बांधून पुरल्या. खाटेच्या पायांखाली जुन्या योगा मॅटचे तुकडे ठेवले, म्हणजे तंबूचा तळ फाटत नाही आणि पाय रुतत नाहीत.

स्वॅगनंही त्याचा स्वभाव दाखवला. कडाक्याच्या थंडीत तो पूर्ण बंद केला की श्वासाची वाफ आतून कॅनव्हासवर जमते आणि पहाटे थेंब तोंडावर पडतात. डोक्याकडची खिडकी वीतभर उघडी ठेवली की नाक गार, पण पांघरूण कोरडं. मी लोकरीची टोपी घालून उघडी खिडकी निवडली. नवऱ्यानं थेंब निवडले.

सहकाऱ्याच्या गाडीवर रूफटॉप तंबूच होता. त्याची बायको स्वॅगला तयार नव्हती. दोघंच माणसं, दणकट गाडी, छतासाठी मजबूत रॅक. त्यांच्या हिशोबात तो चोख बसत होता. चार मिनिटांत बिऱ्हाड तयार व्हायचं. त्रास एवढाच की रोज गाडी सपाटीवर आणायला मागे-पुढे करावी लागे, आणि वाऱ्याच्या रात्री कापड इतकं फडफडे की दोघं खाली उतरून गाडीतच झोपले. आमचा बसका तंबू त्या वाऱ्यात चिडीचूप होता.

शेवटची टेकडी, बिग रेड, 40 मीटर उंच. टायरमधली हवा आणखी उतरवून ती चढलो आणि बर्ड्सव्हिलच्या कॅम्पिंगच्या मैदानात मुक्काम केला. शेजारी एक तरुण जोडपं उलट दिशेनं जायच्या तयारीत होतं. आमचं सामान न्याहाळून त्यांनी विचारलं, कोणता तंबू घ्यावा?

बाबांनी त्यांच्या सांगलीच्या इंग्रजीत उलट विचारलं, "रात्री तुमच्यात उठतं कोण?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"मग कोणताही घ्या," बाबा म्हणाले, "पण दोन दारांचा घ्या."