मोतीचा पंजा आणि आबांची गोळी

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. फिरून परतलेल्या मोतीच्या मागोमाग फरशीवर लाल ठसे उमटत आले. पुढच्या उजव्या पंजाच्या गादीला काचेने चीर पाडली होती. भोपाळमधल्या त्या मराठी घरात एकच धावपळ उडाली. आजी हळदीचा डबा घेऊन आली, काकांनी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली शोधली. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या नातीने मात्र आधी मोतीच्या तोंडाभोवती, श्वास मोकळा राहील असा, मऊ पट्टा बांधला. वेदनेने कळवळणारा जीव कितीही लाडका असला, तरी चावू शकतो.

कुत्र्याच्या पंजाची गादी म्हणजे नुसती जाड कातडी नव्हे. वर केराटिनचा टणक थर, खाली धक्का शोषणारी मेदाची उशी, तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आणि घामाच्या ग्रंथी अशी तिची रचना असते. त्यामुळे लहानशी चीरही पुष्कळ रक्त सांडते. आणि प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार पडून जखमेच्या कडा पुन्हा उकलतात.

नातीने स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरले आणि मध्ये न उचलता दहा मिनिटे थांबली. रक्त थांबल्यावर तिने विजेरीच्या उजेडात काच राहिली नाही ना, ते पाहिले. उकळून कोमट केलेल्या 1 लिटर पाण्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवून तिने जखम धुतली. पेरॉक्साइड बाजूला राहिले, कारण त्याचा फेस जंतूंबरोबर जखम भरून काढणाऱ्या पेशींनाही इजा करतो. हळदही डब्यातच राहिली. स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते. शेवटी फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन, न चिकटणारी जाळी, बोटांच्या फटींत कापूस आणि वर बेताची घट्ट पट्टी.

रात्री मोती कण्हू लागला. आबांनी गुडघेदुखीची डायक्लोफेनॅकची गोळी पोळीच्या तुकड्यात गुंडाळली.

“अगं, अर्धीच देतो. मला उतार पडतो, त्याला नाही का पडणार?”

“आबा, थांबा. केरव्याची गिधाडं आठवा.”

भोपाळजवळ केरवा येथे गिधाडांचे संवर्धन प्रजनन केंद्र आहे. ते का उभारावे लागले, याचे उत्तर त्याच औषधात होते. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस गिधाडांनी खाल्ले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, अवयवांवर युरिक आम्लाचे थर साचले. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99 टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. कुत्र्यातही ते जठराला व्रण पाडते, रक्तस्राव घडवते, मूत्रपिंडांना इजा करते. आयबुप्रोफेनचीही तीच गत.

आबांनी गोळी निमूटपणे डबीत ठेवली आणि रात्रभर मोतीच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.

सकाळी पशुवैद्यांनी खोल चिरेला टाके घातले आणि मोतीच्या वजनानुसार कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक दिले. रक्त दहा मिनिटांत थांबले नाही, काच आत रुतली असेल, गादीचा तुकडा लोंबत असेल, सूज किंवा दुर्गंधी आली, तर घरच्या उपचारांची सीमा तिथेच संपते. रुतलेली काच घरी ओढून काढू नये. पट्टी रोज बदलावी, ओली झाल्यास लगेच.

माया आबांच्या हातात होतीच. त्या रात्री तिला ज्ञानाची जोड मिळाली, म्हणून मोती वाचला.