दुर्बिणीचा चातुर्मास

छंद करावा तर घरात मावेल असा करावा, असे आमच्या आळीतले जाणते लोक म्हणतात. पोस्टाची तिकिटे जमवणारा सुखी. त्याचा सारा संसार एका वहीत राहतो. माझा छंद मात्र परसात राहतो. आठ इंची आरशाची, चार फूट लांब नळीची दुर्बीण आहे ती. पूर्वी मी ती संध्याकाळी बाहेर आणी आणि मध्यरात्री आत नेई. पासष्टी उलटली, गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि डॉक्टरांनी ओझे उचलायला साफ मनाई केली. मुलगा म्हणाला, "बाबा, देऊन टाका ना एखाद्या शाळेला!" हिने मुकाट्याने माळ्याकडे बोट दाखवले. आता माळ्यावर चढलेली वस्तू पुन्हा खाली उतरल्याचे आपण कोणी पाहिले आहे का? तेव्हा दुर्बिणीने बाहेरच राहायचे ठरले आणि पुण्याच्या पावसाशी माझा सामना सुरू झाला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. "प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधून टाका की!" असे शेजारचे नाना म्हणाले. पण पाऊस वरून येतो, तशी ओल खालून, मातीतून येते. गरम पोळ्या डब्यात घालून झाकण लावले की झाकणाला पाणी सुटते, हे हिने नानांना सांगितले, तेव्हा कुठे त्यांना पटले. दुर्बिणीच्या आरशावर ॲल्युमिनियमचा थर असतो तो मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ. दमटपणा त्याला डाग पाडतो. भिंगांवर तर बुरशीचे कोळिष्टक धरते. तिचे आम्ल काच खाते आणि मग कितीही पुसा, व्रण जात नाही.

म्हणून सुताराकडून एक बुटकी खोली करून घेतली. तिचे तळ जमिनीपासून वीतभर उंच आणि पत्र्याचे छप्पर चाकांवर सरकणारे. उन्हाने तापू नये म्हणून पत्र्याला पांढरा रंग दिला. वळचणीला दोन्ही बाजूंनी वाऱ्यासाठी फटी ठेवल्या आणि फटींना बारीक जाळी मारली. नाहीतर कुंभारीण माशी मातीचे घरटे नळीतच बांधायची. नळी आडवी, तिच्या तोंडाला टोपण आणि वर जुनी सुती चादर. भिंगे मात्र घरात, घट्ट झाकणाच्या डब्यात. गच्च झाकण तिथेच शोभते, जिथे आत ओल पिणारे कोणी असते! सिलिका जेलचे नारिंगी दाणे ओल पिऊन हिरवे झाले, की स्वयंपाकातून निवृत्त झालेल्या कढईत मंद आचेवर परतायचे. पुन्हा नारिंगी होतात. पावसाने उघडीप दिली की छप्पर थोडे सरकवून वारा खेळू द्यायचा. पण टोपण काढून नळी उन्हात ठेवायची नाही. आरशाने एकवटलेले ऊन आग लावू शकते.

आषाढी एकादशीला देव निजतात, त्याच सुमारास माझी दुर्बीणही निजते. देव कार्तिकीला उठतात. ही कोजागिरीलाच जागी होते. मग येते दिवाळी. अमावास्येचा अंधार दुर्बिणीला मोलाचा, पण संध्याकाळी फटाक्यांच्या धुरात तारे कसले दिसणार? म्हणून मी पहाटे चारला, पहिला फटाका वाजायच्या आत छप्पर सरकवतो. मृग तेव्हा चांगला वर आलेला असतो आणि त्याच्यातला तेजोमेघ पाहायला आळीतली पोरे डोळे चोळत रांग लावतात. काहींच्या डोक्याला अभ्यंगाचे तेल असते, आणि तेलकट बोट पावसापेक्षा वाईट! म्हणून प्रत्येकाच्या हाती मी आधी रुमाल देतो.

मुलाचे म्हणणे मी विसरलेलो नाही. दुर्बीण एक दिवस शाळेत जाईलच. माझे गुडघे ती तारीख ठरवतील. पण कुठल्याशा पोराने पहिल्यांदा शनीचे कडे पाहावे ते डागाळलेल्या आरशातून नव्हे. तोवर तिचे चार महिने सांभाळायचे, एवढेच माझ्या हाती आहे. आणि खरे सांगू, पावसाळी दुपारी ते दाणे परतताना मला म्हातारपण फारसे जाणवत नाही.