ठसका

ऑलिव्ह तेल चाखणाऱ्यांच्या खोलीत खोकल्याला मान असतो. बुटक्या निळ्या पेल्यात चमचाभर तेल, वर काचेची चकती, पेला 28 अंशांपर्यंत कोमट केलेला. काच निळी, कारण रंग दिसता कामा नये. हिरवंगार तेल म्हणजे उत्तम तेल ही समजूत मुरलेल्या चाखणाऱ्यांच्याही डोक्यातून जात नाही, म्हणून डोळ्यांना या कामातून रजाच दिलेली. आधी वास घ्यायचा. मग घोट, आणि दातांच्या फटीतून हवा सुर्रकन आत ओढायची, म्हणजे तेल तोंडभर पसरतं. कडूपणा जिभेच्या मागच्या भागावर जाणवतो. गिळल्यावर दोन-चार सेकंद काहीच नाही, आणि मग घशात चटका. एका कप्प्यातून ठसका ऐकू येतो, पाठोपाठ पलीकडच्या कप्प्यातून. हिरव्या सफरचंदाची फोड, घोटभर पाणी, पुढचा पेला.

मी दक्षिण स्पेनमधल्या हाएन प्रांतात एका तेलगिरणीत काम करते. तेल चाखायचं आणि वेगवेगळ्या टाक्यांमधलं तेल मिसळून बाटलीत जायचं तेल जुळवायचं, हे माझं काम. या एका प्रांतात ऑलिव्हची सहा कोटींहून जास्त झाडं आहेत आणि त्यातली बहुतेक सगळी पिक्वाल वाणाची. आर्बेकीना वाणाचं फळ आमच्याकडे त्या मानाने थोडं येतं, पण मिश्रणात त्याच्यावाचून चालत नाही.

पिक्वालचं फळ टोकाला निमुळतं. ताज्या तेलाला टोमॅटोचं पान चुरगळल्यावर येतो तसा वास येतो, कधी अंजिराच्या पानाचा. चव कडू, घशाला तिखट. (उशिरा तोडलेल्या, हयगय झालेल्या पिक्वालला मांजराच्या मुताचा वास येतो असं इथले लोक उघड म्हणतात. ते खोटं नाही.) आर्बेकीना मूळची कातालोनियातल्या आर्बेका गावची. फळ बारीक आणि गोलसर, तेलाला पिकल्या केळ्याचा, सफरचंदाचा, ओल्या बदामाचा वास. घसा सुखात. एकाच शिवारातली दोन्ही फळं एकाच आठवड्यात तोडली, एकाच यंत्रातून काढली, तरी पिक्वालच्या तेलात फिनॉल गटातली संयुगं सहज दुप्पट-तिप्पट निघतात. शिवाय पिक्वालमध्ये ओलेइक आम्ल 80 टक्क्यांच्या आसपास, आर्बेकीनात 70 च्या आगेमागे. म्हणून पिक्वालचं तेल लवकर खवट होत नाही.

कडूपणा येतो तो ओल्यूरोपीन या द्रव्याच्या घराण्यातून. झाडावरचं ऑलिव्ह तोडून तोंडात टाकून बघा, थुंकायला जागा शोधाल. कीड आणि जनावरं दूर ठेवायला झाडाने केलेली ही सोय आहे. फळ दळलं की विकरं या घराण्यातल्या द्रव्यांपर्यंत पोचतात, त्यांचे तुकडे करतात, आणि तेलात विरघळू शकणारी, फिनॉल गटातलीच नवी संयुगं तयार होतात. घशातला चटका त्यांतल्याच एकाचा, ओलिओकँथालचा. तो ओळखला गेला सिसिलीत. 1999 साली एरिचे गावातल्या एका परिषदेत फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेचे गॅरी बोशां यांनी तिथलं ताजं तेल चाखलं आणि त्यांना घशातली ती जागा ओळखीची वाटली. द्रवरूप आयबुप्रोफेन चाखण्याचे प्रयोग त्यांनी केले होते, ते औषध बरोबर तिथेच चावत असे. 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला: ओलिओकँथाल शरीरात आयबुप्रोफेनसारखंच, त्याच दाहकारक विकरांना अडवतं. मात्र रोज 50 ग्रॅम कडक तेल प्यायलं तरी प्रौढ माणसाच्या औषधाच्या मात्रेचा दहावा हिस्सा जेमतेम भरतो, हेही त्याच लेखात आहे. जाहिराती करणाऱ्यांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं तिथेच ठेवलं.

तरी ऑलिव्ह तेलाच्या आरोग्यगुणांची सगळी किमया ओलेइक आम्लाची असेल, फिनॉलचं कौतुक कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना मी युरोलिव्ह अभ्यासाचं सांगते. 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाच देशांतल्या 200 निरोगी पुरुषांना तीन प्रकारची तेलं आळीपाळीने तीन-तीन आठवडे रोज 25 मिलिलिटर दिली. तेलं सारखीच, फरक फक्त फिनॉलच्या प्रमाणात. जसजसं फिनॉल वाढलं तसतसं चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं आणि वाईट कोलेस्टेरॉलचं ऑक्सिडीकरण कमी झालं. फरक मोठा नव्हता, पण चढता होता.

इथवर ऐकून कडू ते चांगलं आणि गोड ते फुकट असं ठरवणं सोपं आहे. माझी जीभही हंगामाच्या सुरुवातीला तसंच ठरवून बसते. पण लिग्नान नावाची फिनॉलची आणखी एक जात आहे, तिचा जिभेला फारसा पत्ता लागत नाही. त्यातलं अॅसिटॉक्सिपिनोरेसिनॉल आर्बेकीनात भरपूर, पिक्वालमध्ये जवळजवळ नाहीच. इतकं कमी, की शुद्ध पिक्वाल म्हणून विकलेल्या तेलात दुसरं तेल मिसळलंय का हे रसायनतज्ज्ञ याच संयुगावरून ताडू शकतात. म्हणजे वाण बदलला की नुसतं प्रमाण बदलत नाही, यादीच बदलते. इटलीची कोरातीना आणि ग्रीसची कोरोनेइकी यांची यादी आणखी वेगळी. कोरातीनाचा पहिला घोट घेताना आमच्यातले जुनेजाणतेही पाण्याचा पेला जवळ ओढतात.

कोर्दोबाला 1970 पासून जगभरच्या ऑलिव्ह वाणांचा संग्रह जोपासला आहे. एकच माती, एकच पाणी, आणि शेजारी-शेजारी उभी तुर्कस्तानची, सीरियाची, इटलीची झाडं. तिथेही वाणावाणांतला फिनॉलचा फरक मिटत नाही. पण हवा काहीच करत नाही असंही नाही. रत्नागिरीचा हापूस दुसरीकडे लावून काय होतं हे मराठी माणसाला सांगायला नको. अर्जेंटिनाच्या उष्ण वायव्य भागात आर्बेकीना लावली तेव्हा तिचं ओलेइक आम्ल इतकं घसरलं, की काही तेलं तेव्हाच्या 55 टक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय किमान मर्यादेखाली गेली. शंभर टक्के ऑलिव्ह, आणि कागदावर ऑलिव्ह तेल नाही!

शेतकऱ्याने वाण निवडला तो अर्थातच कोणाचं हृदय बघून नाही. पिक्वाल लवकर फळाला येतो, भरपूर लागतो, तेलाचा उतारा चांगला. आर्बेकीनाचं झाड लहानखुरं, म्हणून ते कुंपणासारखं दाट ओळीत लावता येतं आणि द्राक्षतोडणीच्या धर्तीवरचं यंत्र ओळीवरून चालवता येतं. नव्या बागांत ती पसरली ती यंत्रामुळे. कोर्दोबात या दोघांच्या संकरातून सिकितीता हा वाण काढला, तोही मुख्यतः अशा दाट लागवडीसाठी.

खरी ओढाताण तोडणीच्या तारखेवर होते. सहकारी गिरणीत शेतकऱ्याला पैसे मिळतात ते फळातल्या तेलाच्या टक्क्यांवर. ऑक्टोबरच्या हिरव्या पिक्वालमधून 100 किलोंमागे 10-12 किलो तेल निघतं, डिसेंबरात 20 च्या घरात. आणि फिनॉल नेमकं उलट्या दिशेने, पिकत जाईल तसं उतरतं. ऑक्टोबरचं फळ मागायला गेले की बागायतदार माझ्याकडे सावकाराकडे बघावं तसं बघतो, आणि त्याचा हिशोब चुकीचा नसतो. त्या तेलाला दुप्पट भाव मिळाला तरच त्याचं जमतं.

गिरणी फिनॉलमध्ये भर घालू शकत नाही. फळातल्या फिनॉलचा अगदी थोडा हिस्सा, शेकडा दोनच्या आतला, तेलात उतरतो. बाकीचा चोथ्यात आणि पाण्यात जातो, कारण या द्रव्यांना तेलापेक्षा पाणी प्रिय. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये पाणी जवळजवळ न घालता तेल वेगळं करणारी यंत्रं आली आणि हे धुऊन जाणं कमी झालं. लगदा घुसळताना एक विकर चांगली संयुगं घडवतं, दुसरं हवेच्या मदतीने त्यांची नासाडी करतं. दोघांचा जोर वाणागणिक वेगळा. आमचा मुख्य कारागीर लगदा 27 अंशांच्या वर जाऊ देत नाही, आणि किती वेळ घुसळायचं हे फळ बघून ठरवतो. त्या वेळी त्याच्याशी बोलायला जाऊ नये.

एकदा पुण्याच्या आत्याला ऑक्टोबरच्या पिक्वालची बाटली पाठवली. तिचा फोन आला, “अगं, ते तेल खराब निघालं. घसा जळतोय.” मी समजावलं. ती म्हणाली, “असू दे बाई तुझं औषध,” आणि बाटली कपाटात गेली. तिथे उन्हाळ्यासकट वर्षभर राहिल्यावर त्यातलं बरंच काही आपोआप कमी झालं असणार. तिच्या स्वयंपाकघरात आधीपासून ऑलिव्ह पोमेस तेलाचा डबा आहे. ते चोथ्यातून रसायनाने काढून शुद्ध केलेलं तेल, त्यात फिनॉल जवळजवळ उरत नाही. तिथे वाणाचं नाव विचारण्यात अर्थच नाही. पिझ्झ्यावरच्या काळ्या चकत्यांचंही तेच. ती बऱ्याचदा ओखिब्लांका वाणाची कच्ची फळं असतात, अल्कलीत टाकून हवेने काळी केलेली आणि लोहाच्या क्षाराने रंग पक्का केलेली. कडूपणाबरोबर बाकीचंही धुऊन गेलेलं.

युरोपीय संघाच्या 2012 च्या नियमानुसार, 20 ग्रॅम तेलात हायड्रॉक्सीटायरोसॉल आणि त्याची भावंडं मिळून निदान 5 मिलिग्रॅम असतील, तरच बाटलीवर फिनॉलविषयीचा आरोग्याचा दावा छापता येतो. किलोमागे 250 मिलिग्रॅम. साठवणीत हा आकडा घसरतो, म्हणून भरताना बराच वर ठेवावा लागतो. मोजण्याच्या पद्धती अनेक, आणि एकाच तेलाचे आकडे पद्धतीगणिक वेगळे येतात. त्यामुळे दुकानात दोन बाटल्यांवरचे आकडे शेजारी धरून निवड करणाऱ्याला मी तोडणीची तारीख बघायला सांगते.

मागच्या हंगामात एका ग्राहकाला दोन्ही हवं होतं: घशाला न लागणारं तेल, आणि लेबलवर तो दावा. आकडा आणि चटका एकाच संयुगांचे, त्यामुळे माझ्या हातात एकच युक्ती होती. आर्बेकीनाचा पिकल्या फळाचा वास नाकात असला की जिभेला कडूपणा कमी वाटतो. तेवढ्या आडोशाने लवकर तोडलेला पिक्वाल जितका लपेल तितका लपवला आणि दोन नमुने पाठवले. एक हलका ठसका लावणारा, 250 च्या बराच वर. दुसरा अगदी मऊ, आकड्याच्या खाली. त्यांनी चाखले, दुसरा घेतला आणि लेबलवरून दावा काढून टाकला. पुढच्या हंगामाची मागणीही नोंदवली आहे. तेच तेल, दुप्पट.