सव्वा किलोचा गोठा

वसईतील आमच्या घराच्या पडवीत नाताळचे गोठे तयार होतात. बांबूच्या कामट्या, पातळ प्लायवूड, वर भाताच्या पेंढ्याचे छप्पर आणि आत प्लास्टरच्या आठ लहान मूर्ती. थोरले काका सुतारकाम करतात, शेजारच्या दोघी जणी मूर्ती रंगवतात आणि आम्ही पती-पत्नी हिशेब व पाठवणी पाहतो. व्यवसाय म्हणावा एवढा याचा पसारा नाही. तरी त्या दोघींच्या घरची नाताळची खरेदी याच मजुरीतून होते. तेव्हा तो बुडवण्याचा अधिकार आपल्याला नाही, अशी आमची धारणा आहे.

२०२४ साली तो बुडायची वेळ आली, आणि दोष सर्वस्वी आमचा होता. बाहेरगावच्या मागण्या याव्यात म्हणून आम्ही पत्रकावर 'घरपोच, पाठवणी मोफत' असे छापले होते. गोठा भरलेल्या खोक्यासह सव्वा किलोचा. त्याला कितीसे भाडे पडणार, असा आमचा अंदाज. चौदा मागण्या आल्या. पहिली नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंची. त्यांनी नऊशे रुपये आगाऊ पाठवले होते.

कुरियरच्या दुकानातील मुलाने खोका काट्यावर ठेवण्याआधी मोजपट्टी काढली. लांबी ४०, रुंदी ३०, उंची २५ सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार ३०,०००. त्याला ५,००० ने भागले की ६. "सहा किलो," तो म्हणाला. आम्ही काट्याकडे बोट दाखवले. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "काका, गाडी वजनाने नाही, जागेने भरते." त्याचे चुकले नव्हते. आमच्या गोठ्यात बव्हंशी हवा होती, आणि त्या हवेचे भाडे आम्ही देत होतो. अर्ध्या किलोला ४५ रुपये, म्हणजे ५४०. वर अठरा टक्के कर धरून ६३७. गोठ्याचा खर्च ५६०. एका गोठ्यामागे जवळजवळ तीनशेंची खोट, आणि असे चौदा गोठे! शब्द दिला होता, तो पाळला. चार हजारांहून अधिक रुपये गेले. दोघींची मजुरी मात्र ठरल्या दिवशी दिली; त्यासाठी घरातली एक ठेव मोडावी लागली.

पुढच्या वर्षासाठी किंमतच वाढवावी, असा सल्ला अनेकांनी दिला. सरासरी काढून प्रत्येक गोठ्यावर थोडे थोडे चढवायचे. व्यापारात हे सर्रास चालते, पण आम्हांला ते पटेना. आमच्याच धर्मग्रामातील माणूस सायकलच्या कॅरिअरला बांधून गोठा नेतो. त्याने नागपूरच्या कुरियरचे पैसे का भरावेत? टपालखात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केले, तेव्हा क्षणभर आशा वाटली. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोपर्यंत शंभर. पण ती सोय पुस्तकांसाठी आहे. गोठ्यातून कितीही ज्ञान मिळत असले, तरी टपालखात्याच्या लेखी तो पुस्तक नव्हे!

उरला एकच मार्ग : हवा काढून टाकणे. गोठा सुटा करायचा, भिंती व छप्पर एकावर एक ठेवायचे आणि घेणाऱ्याने ते जोडायचे. आम्ही हे काकांना सांगितले आणि दोन दिवस त्यांचा अबोला सोसला. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाळ येशूचा गोठा काय तुकडे करून पाठवायचा?" संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी जिवंत बैल-गाढव उभे करून देखावा मांडला, ही गोष्ट काकांनीच आम्हांला लहानपणी सांगितली होती. त्यांना पार्सल करावे लागले नव्हते, असे आमच्या ओठांवर आले होते. सुदैवाने बोललो नाही. आम्ही ठेव मोडल्याची पावती तेवढी त्यांच्यापुढे ठेवली.

आठवड्याने पडवीतून कानसीचा आवाज येऊ लागला. काकांनी खिळे टाकून खाचा पाडल्या, लाकडी खुंट्या घडवल्या आणि प्रत्येक भागाला मागून खडूने आकडा घातला. मूर्ती आडव्या ठेवून त्यांच्याभोवती पेंढा दाबला. तोच पेंढा पुढे गोठ्यात पसरता येतो, त्यामुळे वेष्टनाचा वेगळा खर्चही वाचला. नव्या खोक्याची उंची सहा सेंटिमीटर. भाडे दीड किलोचे, करासह १५९ रुपये.

२०२५ च्या पत्रकावर 'पाठवणीखर्च वेगळा' असे स्पष्ट छापले. जुन्या चौदांपैकी सहाच ग्राहक परत आले. नागपूरच्या बाईंनी या खेपेस लेकीसाठी गोठा मागवला आणि पत्रात विचारले, "गेल्या वर्षी मोफत कसे परवडले होते?" आम्ही खरा हिशेब लिहून कळवला. उलट टपाली त्यांनी तीनशे रुपये पाठवले. ते ठेवावेत की परत करावेत, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. अखेर ते मूर्ती रंगवणाऱ्या दोघींना वाटून दिले.

काकांनी एक गोठा मात्र जुन्या रीतीने, खिळे ठोकून केला आहे. तो पडवीत टांगलेला असतो. विक्रीला नाही, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बजावतात.