मिटलेले तोंड

आमच्या बेज्जूरच्या घरच्या विहिरीचे पाणी जड. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ही गृहिणीची नित्याची तक्रार. परंतु तेच पाणी आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या माशांना मात्र मानवले. त्यांचे मूळचे पाणीही अल्कधर्मी. पिवळ्याधमक सिक्लिड जातीचे पाच मासे मी चंद्रपूरहून प्राणवायू भरलेल्या पिशवीतून, आगगाडीने कागजनगरपर्यंत व पुढे बसने आणले होते. काचेची पेटी जेमतेम ६० लिटरची. तीत पाच मासे ठेवणे हा माझा लोभच होता.

गेल्या मे महिन्यात एक मादी अन्न घेईनाशी झाली. गळा फुगलेला दिसे. आजारी समजून मी औषधाची बाटली हाती घेतली, तोच तिने जबडा किंचित हलविला आणि ओठांआड अंडी दिसली. ही मादी अंडी तोंडातच उबविते व तीन-चार आठवडे बहुधा उपाशीच राहते. गालील सरोवरातील ज्या माशाला ‘संत पेत्राचा मासा’ म्हणतात, तोही ह्याच कुळातला आणि तोंडातच पिले वागविणारा. मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय १७) नाणे देणारा मासा तोच होता, असे मात्र तेथे लिहिलेले नाही.

आठवड्याने एका दुपारी वीज गेली. हवेचा पंप थांबला, पाणी ३३ अंशांवर चढले. ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. मासे वर येऊन तोंडे वासू लागले. तिला मात्र तोंड वासण्याची सोय नव्हती. तिला जाळीत धरून माठाच्या पाण्यात सोडावे, असे मला वाटले. परंतु भेदरलेली मादी अंडी थुंकते, प्रसंगी गिळतेही.

“अहो, तिला हात लावू नका. पाणी तेवढे हलवा,” गृहिणी म्हणाली.

मग तांब्याने पाणी उचलून बारीक धारेने पुन्हा पेटीत सोडणे, हे काम आम्ही रात्री नऊपर्यंत आळीपाळीने केले. काचेला बाहेरून ओली फडकी गुंडाळली. त्या रात्रीची जपमाळही पेटीपाशीच झाली. एकाच्या हाती माळ, दुसऱ्याच्या हाती तांब्या.

मोठा नर व आणखी एक मासा गेला. त्याचा दोष मी विजेवर लोटणार नाही. दाटी मी केली होती.

पुढे दोन आठवड्यांनी, सकाळच्या मिस्साहून परतलो तेव्हा दगडांच्या फटीत नखाएवढी अकरा पिले फिरत होती. मादी खंगून पाठीला धार आली होती. मी चिमूटभर खाद्य टाकले. इतक्या दिवसांत प्रथमच तिने तोंड पुरते उघडले.